गाद्याच्या दारात : डॉल्फिन पाहायला जाताना

आमच्या मुळशी तालुक्यात समुद्र नाही. डोंगर आहेत, भातखाचरे आहेत, चार महिने न थांबणारा पाऊस आहे आणि मोठे धरण आहे. तरीही वर्गात नकाशा उघडला की आम्ही मुलांना सांगतो, ‘तुमच्या गावाचे पाणी समुद्राला मिळते, पण ते सरळ वाटेने जात नाही.’

मुळा नदी मुळात पूर्वेला वाहणारी. पुण्यात मुठेला भेटून पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर, असा तिचा रस्ता. पण टाटांनी मुळशीला धरण बांधले, ज्याच्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि या पाण्याची दिशाच फिरली. बोगद्यातून आणि नळांतून ते सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला उतरते. १९२७ पासून तेथे त्यावर वीज तयार होते. वीज करून झाली की हेच पाणी कुंडलिका नदीत सोडतात आणि रोह्यावरून रेवदंडा-कोर्लईजवळ ते अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या दारात पडलेला पाऊस शेवटी त्या पाण्यात जातो, जेथे डॉल्फिन राहतात.

हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत होतो, पण डॉल्फिन कधी पाहिला नव्हता. शेवटी तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या सुट्टीत, घरच्या सगळ्यांनी ठरवले. मंडणगड तालुक्यात आमच्या खाला राहतात. त्यांच्याकडे मुक्काम करायचा आणि तेथून दापोलीचा किनारा गाठायचा. पौडहून ताम्हिणी घाट उतरायचा, विळे, निजामपूर, माणगाव करत आंबेतला सावित्री नदी ओलांडायची की पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. आंबेत हे बॅरिस्टर अंतुले यांचे गाव, हे दादींनी मुलांना न विसरता सांगितले. वाटेत थांबत गेलो तर दापोलीपर्यंत पाचेक तास लागतात.

पहिली फेरी

ती फेरी आज आठवली की मान खाली जाते, म्हणूनच आधी तीच सांगतो.

नाताळची गर्दी होती. आम्ही नाश्ता वगैरे करून साडेदहाला किनाऱ्यावर पोहोचलो. बोटवाल्यांशी घासाघीस केली आणि एका तरुण बोटवाल्याला अट घातली, ‘डॉल्फिन दिसले तरच पैसे.’ आम्हाला वाटले, आपण हुशारी केली. तो बिचारा ‘हो’ म्हणाला, कारण शेजारचा बोटवाला तेच मान्य करायला तयार होता.

अर्ध्या तासाने लांबवर एक करडी पाठ दिसली. आमची बोट तिकडे सुटली. तसे आणखी चार बोटींनीही पाहिले आणि चारी दिशांनी त्याही आल्या. पाच इंजिनांचा आवाज, मुलांच्या शिट्ट्या, एका बोटीवर मोठ्याने गाणी. एक मोठा डॉल्फिन आणि त्याच्या कुशीला चिकटलेले एक छोटे पिल्लू क्षणभर वर आले. बोटी दोन्ही बाजूंनी धावल्या आणि ती दोघे खाली गेली. पुन्हा वर आली ती भलतीकडेच, खूप दूर. आमची बोट पुन्हा मागे. तेव्हा बोटवाल्याला ‘अजून जवळ घे, शंभर रुपये जास्त देतो’ असे म्हणणारे आम्हीच होतो.

आमची धाकटी तेव्हा तिसरीत होती. तिने विचारले, “अब्बू, ते आपल्याला बघून पळतायत का?”

“नाही बेटा, ते खेळतायत,” असे उत्तर आम्ही दिले. ते खरे नव्हते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते.

रात्री खालांच्या ओटीवर मुलांनी मोबाईलमधले फोटो दादींना दाखवले. फोटोत पाणी होते, बोटी होत्या, एका कोपऱ्यात शेपटी होती. दादींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “घर कुणाचं होतं ते?”

कुणाला प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, “आपण कुणाच्या घरी गेलो तर दारात सलाम करून थांबतो ना? तीनदा इजाजत मागतो. आतून जवाब आला नाही तर मुकाट्याने परत फिरतो, राग मानत नाही. मग तुम्ही पाच बोटी घेऊन कुणाच्या घरात घुसलात?”

त्या रात्री आम्ही फारसे बोललो नाही. पण घरी परतल्यावर या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचायला सुरुवात केली, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गादा म्हणजे कोण?

कोकणचे मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. गादा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. डोक्यावरच्या छिद्रातून श्वास घ्यायला त्याला वर यावेच लागते. आपल्याला तो दिसतो तो बहुतेक वेळा या श्वासासाठी वर आलेला असतो. ज्याला आपण ‘खेळ’ म्हणतो, तो पुष्कळदा केवळ दम घेणे असते.

आपल्या किनाऱ्याजवळ नेहमी दिसणारी जात कुबडी डॉल्फिनची. रंग शिशासारखा करडा, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा त्रिकोणी पर. वर येताना आधी लांब चोच दिसते, मग पाठीची कमान. पूर्ण वाढलेला गादा साधारण अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांच्या आसपास भरतो. जन्मणारे पिल्लू मीटरभर लांबीचे असते. सिनेमात पाहिलेल्या उंच उड्या याच्याकडून फारशा अपेक्षू नयेत. तो शांतपणे वर येतो आणि शांतपणे जातो.

हा प्राणी खोल समुद्रात जात नाही. साधारण पंचवीस-तीस मीटरपर्यंतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाजवळ तो वावरतो, कारण तेथे मासळी असते. नेमके त्याच पट्ट्यात माणसाचेही सगळे व्यवहार चालतात. जाळी तेथेच, बंदरे तेथेच, गावांचे सांडपाणी तेथेच आणि आता पर्यटकांच्या बोटीही तेथेच. गाद्याला सरकायला दुसरी जागा नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. मादी वयात यायला दहाएक वर्षे लागतात. पोटात पिल्लू जवळजवळ वर्षभर वाढते, एका वेळी एकच जन्मते आणि पुढचे व्हायला साधारण तीन वर्षे जातात. एक पिल्लू दगावले तर त्याची भरपाई लवकर होत नाही. म्हणूनच जगातल्या प्राण्यांची स्थिती नोंदवणाऱ्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत. त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी, म्हणून डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासळी शोधतो. पिल्लू आणि आईही आवाजानेच एकमेकांचा ठाव ठेवतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो. आपण वर बसून पाच इंजिने ऐकतो, पण खाली त्या आईला पिल्लाची हाक ऐकू येत नसेल तर? वर्गात सगळी मुले एकदम ओरडू लागली की शेवटच्या बाकावरच्या मुलाचे काय होते, हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको.

केव्हा आणि कोठे?

पावसाळ्यात हा विषयच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते आणि समुद्र खवळलेला असल्याने पर्यटकांच्या बोटीही बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चमध्येही जाता येते, पण उन्हाचा त्रास होतो.

वेळ सकाळची. सूर्य उगवल्यापासून पहिल्या दोन तासांत वारा कमी, पाणी सपाट, त्यामुळे दूरची पाठही दिसते. दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटांच्या रेषांत गादा शोधणे अवघड होते. फज्रची नमाज पढून थेट किनारा गाठणारा अर्धी बाजी तेथेच जिंकतो. शक्य असेल तर रविवार आणि नाताळचा आठवडा टाळावा.

दापोली तालुक्यात मुरूड, कर्दे आणि लाडघर या किनाऱ्यांवरून बोटी मिळतात. दक्षिणेकडे जायचे असेल तर गुहागर आणि मालवण-तारकर्ली-देवबाग. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे तेथे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बोटीत बसणे सक्तीचे नाही, हे मात्र फार जणांना सुचत नाही. हर्णैला कनकदुर्गाच्या टेकाडावर दीपगृह आहे. तेथे किंवा अशा कोणत्याही उंच जागी दुर्बीण घेऊन बसावे. समोर सुवर्णदुर्ग दिसतो, खाली मच्छीमारांच्या होड्या दिसतात. पाण्यावर एके ठिकाणी पक्षी घिरट्या घालून सूर मारत असतील तर तेथे मासळी आहे, आणि मासळी असेल तेथे गादाही असू शकतो. किनाऱ्यावरून पाहिल्याने त्याला कसलाच त्रास नाही आणि आपल्या खिशालाही नाही. वयस्कर माणसे आणि लहान बाळे बरोबर असतील तर हाच मार्ग बरा.

दुसरी फेरी

गेल्या जानेवारीत एका सुट्टीला जोडून दोन दिवसांची रजा काढली आणि पुन्हा गेलो. या वेळी दादीही आल्या. पहिल्या सकाळी कनकदुर्गावर दोन तास बसलो. पक्षी दिसले, होड्या दिसल्या, गादा दिसला नाही. मोठा मुलगा कुरकुरला. दादी म्हणाल्या, “आज जवाब आला नाही. उद्या पुन्हा सलाम करू.”

दुसऱ्या दिवशी खालूंच्या ओळखीच्या एका वयस्कर बोटवाल्याकडे गेलो. मुले त्यांना लगेच चाचा म्हणू लागली. बोटीत चढण्याआधीच आम्ही सांगितले, “चाचा, गादा दिसो न दिसो, ठरलेले पैसे पूर्ण देऊ. पण पाठलाग करायचा नाही आणि दुसरी बोट तेथे असेल तर आपण जायचे नाही.”

चाचांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. म्हणाले, “मास्तर, असं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. आम्हाला पण पळवायला आवडत नाही. डिझेल जातं, गादा लांब जातो. पण दिसला नाही तर लोक भांडतात, मग करणार काय?”

सगळ्या प्रश्नाचे मूळ त्या दोन वाक्यांत होते. आम्ही आजवर बोटवाल्यांना दोष देत होतो. पण ‘दिसला तरच पैसे’ ही अट घालणारा प्रवासीच बोटवाल्याला पाठलाग करायला लावतो. त्याची त्या दिवसाची रोजी आपण गाद्याच्या शेपटीला बांधतो आणि मग तो शेपटीमागे धावला की नाक मुरडतो.

चाचांनी लांबूनच वेग कमी केला आणि एका जागी बोट थांबवली. सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट होते. वीस-पंचवीस मिनिटे काहीच झाले नाही. धाकटी दादींच्या मांडीवर डोके ठेवून पाण्याकडे बघत होती. मग डाव्या हाताला ‘फुस्स’ असा आवाज आला, सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा. पाठोपाठ आणखी एक. चार मोठे गादे आणि त्यांच्यात एक पिल्लू, रंगाने जरा फिके. ते आमच्याकडे आले नाहीत, पळालेही नाहीत. आपल्या वाटेने, आपल्या चालीने किनाऱ्याला समांतर जात राहिले. पिल्लू दर वेळी आईच्या नंतर क्षणभराने वर येई. आम्ही त्यांचे श्वास मोजले.

पंधराएक मिनिटांनी चाचांनी बोट वळवली. मोठा म्हणाला, “चाचा, अजून पाच मिनिटं?” ते म्हणाले, “बाळा, पाहुण्याने जेवण झाल्यावर उठावं.” दादी हसल्या. हा माणूस त्यांच्याच शाळेत शिकलेला दिसत होता!

फोटो या खेपेलाही चांगले आले नाहीत. पण धाकटीने परत पौडला आल्यावर वहीत चित्र काढले, त्यात पिल्लाचा रंग फिका होता. तिने पाहिले होते.

बोटीत बसण्याआधी

* भाडे आधी ठरवा आणि गादा दिसो न दिसो, ते पूर्ण द्या. जवळ नेण्यासाठी जादा पैसे देऊ नका.
* निदान ५० मीटर अंतर राखा. अनेक देशांच्या नियमांत साधारण हेच अंतर आहे. मुलांना समजावायचे तर क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या. पिल्लू असेल तर आणखी लांब.
* समोरून वाट अडवू नका, मागून पाठलाग करू नका, कळपाच्या मधून बोट नेऊ नका. बाजूने, सावकाश, समांतर चला.
* आधीच एक-दोन बोटी असतील तर आपण थांबा. पंधरा-वीस मिनिटे पुरे.
* गाणी, शिट्ट्या, ड्रोन नकोत. खायला टाकू नका, पाण्यात उतरू नका.
* गादा वारंवार दिशा बदलत असेल, पाण्यावर शेपटी आपटत असेल, खूप वेळ खाली राहून दूर निघत असेल, तर तो ‘जा’ म्हणतो आहे. निघा.
* लाईफ जॅकेट लहान-मोठ्या सर्वांनी घाला. मुलांच्या मापाचे नसेल तर ती बोट सोडा.
* किनाऱ्यावर जिवंत गादा अडकलेला दिसला तर गर्दी हटवा, शेपटी धरून ओढू नका, अंगावर ओले कापड ठेवा, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र मोकळे ठेवा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मच्छीमारांचा वाटा, आपला वाटा

गाद्याचा सर्वात मोठा शत्रू पर्यटक नाही, जाळे आहे. मासळीसाठी लावलेल्या जाळ्यात तो अडकतो, श्वासाला वर येता येत नाही आणि गुदमरतो. मच्छीमाराला तो नको असतो, कारण त्याचे जाळेही फाटते. २०१८ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्र शासनाने एक चांगली सोय केली आहे. जाळे कापून संरक्षित समुद्री प्राण्याला सोडले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गरिबाच्या पोटावर पाय न देता जीव वाचवायचा, हे धोरण आम्हाला फार पटले. आणि ज्याला गादा जिवंत असल्याने रोजी मिळते, तो बोटवाला तर त्याचा पहिला राखणदार होऊ शकतो.

पण तेवढ्याने भागत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांजिबार बेट आहे. तेथील किझिमकाझी हे जुन्या मशिदीसाठी प्रसिद्ध असलेले मुस्लिम मच्छीमारांचे गाव. पूर्वी तेथे शार्कच्या आमिषासाठी डॉल्फिन मारत. १९९० नंतर पर्यटक येऊ लागले, मेलेल्या डॉल्फिनपेक्षा जिवंत डॉल्फिन जास्त कमाई देतो हे कळले आणि शिकार थांबली. पण पुढे बोटी इतक्या वाढल्या आणि पर्यटक थेट डॉल्फिनजवळ पाण्यात उड्या मारू लागले, की डॉल्फिनचे विसावणे आणि खाणे कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. शिकार थांबली, छळ सुरू झाला. कोकणात तसे होऊ द्यायचे की नाही, हे आपल्या मागणीवर ठरेल. आपल्या सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनना तलावात कोंडून खेळ करून घेण्यास मनाई केली. खुल्या समुद्रात त्यांना बोटींनी कोंडायचे नाही, हे आपल्याला स्वतःच ठरवायचे आहे.

परतीच्या वाटेवर

येताना ताम्हिणी घाटात चहाला थांबलो. पावसाळ्यात धबधबे पाहायला आलेल्यांनी टाकलेल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, थर्माकोलच्या पत्रावळ्या अजून उतारावर अडकलेल्या होत्या. मोठ्याने विचारले, “हे कुठे जाणार?”

घाटाच्या पश्चिमेकडचे ओढे खाली कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतात. पुढच्या पावसात यातले बरेच काही कुंडलिकेतून रेवदंड्याला पोहोचेल, त्याच उथळ पाण्यात, जेथे एखादी आई पिल्लाला घेऊन मासळी शोधत असेल. गाद्याच्या घरात घुसायला बोटच लागते असे नाही. आमच्या तालुक्यात फेकलेली बाटलीही तेथे घुसते.

मुलांनी गाडीतल्या दोन पिशव्या काढल्या आणि हाताला लागले तेवढे गोळा केले. सगळे उचलणे शक्य नव्हते. दादी गाडीतून म्हणाल्या, “जेवढं जमतं तेवढं करा, बाकी अल्लाह बघतो.”

यंदा शाळेच्या सहलीसाठी आम्ही समुद्रकिनारा सुचवला आहे. पालकांना आधीच सांगणार आहोत की डॉल्फिन दिसेल याची हमी नाही. दारात उभे राहून सलाम करण्याची हमी मात्र आम्ही देऊ. जवाब येणे न येणे घरमालकाच्या मर्जीवर. इन्शाअल्लाह, येईलच.